कुत्र्यांना घेऊन समुद्रावर: बेळगावहून चोर्ला, आंबोली की कारवार?

गेल्या तीन हिवाळ्यांत आम्ही नवरा-बायको आमच्या दोन्ही कुत्र्यांना गाडीत घालून तीन वेगवेगळ्या वाटांनी समुद्रावर उतरलो. एकदा चोर्ल्यावरून गोव्याला, एकदा आंबोलीवरून वेंगुर्ल्याला आणि एकदा रामनगर-जोयडा करत कारवारला. त्यानंतर ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतच असतं, की कुत्रं घेऊन कुठं जाऊ? माझं मत आधीच सांगते. पहिलीच खेप असेल तर वेंगुर्ला. पण तुमचं कुत्रं कसं आहे त्यावर हे बदलेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा बाजी कारवानी जातीचा, मुधोळकडचा. अंगानं सडपातळ, कातडी पातळ, लांब काही पळताना दिसलं की हाक ऐकू येत नाही. कुंदा लॅब्रेडॉर. रंग अगदी आपल्या बेळगावच्या कुंदा मिठाईसारखा, म्हणून ते नाव. पाणी दिसलं की तिला बाकी जग दिसत नाही. दोघांची गरज इतकी वेगळी की एकाला मानवलेली जागा दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

अंतरावरून निवड करायला जाऊ नका. उत्तर गोवा आणि वेंगुर्ला, दोन्ही बेळगावहून साधारण सव्वाशे किलोमीटर. फरक घाटात आहे. पिरनवाडी, किणये, जांबोटी सोडलं की चोर्ल्याच्या वाटेला वळणं सुरू होतात आणि कणकुंबीच्या पुढं तर जंगलातून वळणावर वळण. बाजीला तिथंच गाडी लागली. आधी लाळ गळायला लागली, मग तो सारखा ओठ चाटायला लागला. हे ओळखायला आम्ही उशीर केला आणि मागची सीट धुवावी लागली. शिनोळीवरून आंबोलीला जाणारी वाट तशी नाही. हिंडलगा, सुळगे, बाची करत चंदगड तालुक्यात शिरलं की आंबोलीपर्यंत रस्ता पठारावरूनच जातो. मग घाट एका दमात दाणोलीपर्यंत उतरतो आणि संपतो. ज्या कुत्र्याला गाडी लागते त्याच्यासाठी एवढ्या एका कारणावरून मी आंबोली निवडेन. तिलारी घाट जवळचा म्हणून कुणी सुचवेल, पण त्याचा उतार फार तीव्र आहे आणि त्या पट्ट्यात रानहत्ती फिरतात. हत्तीवर भुंकून घाबरलेलं कुत्रं पळत येतं ते आपल्याकडेच, आणि मागोमाग हत्ती.

गोव्याची जमेची बाजू मोठी आहे, ती नाकारणार नाही. कुत्र्यासकट राहू देणारी घरं तिथं भरपूर मिळतात. म्हापसा, पणजी, मडगाव कुठंही छोट्या जनावरांचा डॉक्टर सापडतो. रेबीजवरही तिथं मनापासून काम झालंय. २०१८ पासून काही वर्षं माणसांमध्ये एकही रुग्ण आढळला नाही आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तरी आपल्या कुत्र्याची लस ताजी हवीच. अडचण आहे ती किनाऱ्यावरच्या कुत्र्यांची. शॅकच्या आसऱ्यानं टोळ्या राहतात आणि प्रत्येकीची हद्द ठरलेली असते. मोरजीला आम्ही सकाळी बाजीला पट्ट्यावर घेऊन निघालो, तर दोनशे पावलांत तीन टोळ्यांनी अडवलं. कुंदा शेपटी हलवत पुढं गेली, तिला काही झालं नाही. बाजीचे मात्र मानेवरचे केस उभे राहिले ते परत खोलीत येईपर्यंत. मुक्कामाचाही एक कटू अनुभव आला. फोनवर दोन कुत्री चालतील म्हणाले आणि दारात पोचल्यावर दुसऱ्याचे वेगळे पैसे मागितले. तेव्हापासून कुत्री किती, वजन किती, ती रात्री खोलीत झोपणार की नाही, हे सगळं मी आधीच मेसेजवर लिहून घेते.

आता वेंगुर्ला. सागरेश्वर काय, शिरोड्याचं वेळागर काय, किनाऱ्याला लागूनच सुरूची बनं आहेत. कुत्र्यासाठी ही सावली म्हणजे फार मोठी गोष्ट. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. अकरा वाजता वाळूवर उलटा तळहात ठेवून बघा, पाच-सात सेकंद ठेववला नाही तर त्यांचे पंजेही तिथं टिकणार नाहीत. गोव्याला त्या वेळी आम्हाला खोलीत परतावं लागायचं. वेळागरला आम्ही सुरूखाली चटई टाकून बसलो, दोघं कुत्री ओली वाळू उकरून पोट टेकून झोपली.

तिथंच कुंदानं समुद्राचं पाणी प्यायलं. चेंडू तोंडात धरून पोहताना घोट घोट जातं, आपल्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी उलट्या आणि पातळ शी. मी घाबरले. घरमालकीण काकूंनी चुलीवरचं भांडं उतरवलं, उकड्या तांदळाची पेज वाटीत ओतली आणि बोट बुडवून कोमट झाल्याची खात्री केली. "मीठ घालू नको हां, नुसती पेज दी तिका," म्हणाल्या. थोडं थोडं गोडं पाणी आणि पेज, असं रात्रभर केलं. सकाळी ती उठून उभी राहिली. हा त्रास हलका होता म्हणून निभावलं. कुत्रं मलूल पडलं, लटपटायला लागलं तर थेट डॉक्टर गाठायचा, आणि इथं वेंगुर्ला गोव्यापेक्षा मागे पडतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, पण मुख्य काम गाई-म्हशींचं. म्हातारं किंवा आजारी कुत्रं असेल तर मी गोवाच म्हणेन.

या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट जपा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेले मासे वाळूवर टाकतात आणि त्यांत केंड असतो, फुगलेल्या पोटाचा. त्याचं विष उन्हात वाळून जात नाही. कुत्र्यानं चघळला तर जीव जाऊ शकतो. रापणीच्या जागेवरून जाताना पट्टा आखूड धरायचा.

कारवारबद्दल थोडक्यात. माजाळी, देवबाग शांत आहेत, टोळ्या कमी, आणि बाजी मला तिथंच सगळ्यांत निवांत दिसला. पण अंतर दीडशेच्या पुढं, आणि जोयड्याकडची वाट काळी व्याघ्र प्रकल्पातून जाते. तिथं कुत्र्याला गाडीतून उतरवायचा विचारही करू नका. म्हणजे लघवी-पाण्यासाठी रामनगरला थांबायचं, ते थेट खाली उतरल्यावर. लहान पिल्लाला हे जमणार नाही. पावसाळ्यात तर हा बेत नकोच. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवर डोंगर कोसळला, तो आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही.

गोचिडांची काळजी तिन्ही वाटांवर सारखीच. माकडताप पसरवणाऱ्या गोचिडी याच जंगलपट्ट्यात आहेत. हा आजार १९५७ मध्ये शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि गेल्या दहा-बारा वर्षांत गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागांतही त्याचे रुग्ण निघाले. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलीचा. कुत्र्याच्या अंगावरून गोचीड आपल्या अंथरुणात येते. घाटात झाडीत सोडायचं नाही, निघण्याआधी डॉक्टरांकडून गोचिडीचं औषध द्यायचं, आणि मुक्कामी पोचलं की कानाच्या आत, बगलेत, बोटांच्या फटींत हात फिरवून बघायचं. आंबोली, चोर्ल्याकडं रात्री राहिलात तर कुत्री खोलीच्या आत घ्या. बिबट्या अंगणातलं बांधलेलं कुत्रं उचलतो.

आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर कुत्रं मोकळं नको. मोरजी, वेंगुर्ल्याचं वायंगणी, इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात. पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात आणि एक कुत्रं अख्खं घरटं काही मिनिटांत उकरतं. बाजीसारखा कुत्रा असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा वेळागरलाच चाललोय. आदल्या रात्री आठला शेवटचं जेवण, सकाळी फक्त दोन घोट पाणी आणि साडेपाचला गाडी बाहेर, म्हणजे ऊन चढायच्या आत दाणोली मागे पडते. काकूंना फोन करून झालाय. पेजेचे तांदूळ या खेपेला आम्ही घेऊन येतो म्हटलं, तर त्यांना राग आला.