गो फर्स्ट: तिकीट स्वस्त, परताव्याची हमी शून्य

सेवा म्हणून गो फर्स्ट ही विमान कंपनी स्वस्त आणि बऱ्यापैकी होती. घात इंजिनांनी केला. एअरबस ए३२० निओची प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं नादुरुस्त, बदली मिळेनात. कंपनीच्या म्हणण्यानुसार निम्मा ताफा जमिनीवर. उभ्या विमानाचंही भाडं चालूच राहतं, कमाई मात्र बंद. २ मे २०२३ला दिवाळखोरीचा अर्ज, ३ मेपासून उड्डाणं रद्द, १० मेला अर्ज मंजूर होऊन कंपनीकडून होणाऱ्या वसुलीला स्थगिती. जानेवारी २०२५मध्ये अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा आदेश.

ग्राहकसेवेला इथे शून्य गुण. स्थगिती लागली की तिकिटाचे पैसे म्हणजे नुसता दावा. तोही विनातारण, म्हणजे प्रक्रियेचा खर्च, कामगारांची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका यांच्या मागे. सामान्य प्रवाशाला रांगेत इतकं मागे ढकलणं हा सरळ अन्याय आहे.

म्हणून डबघाईच्या कंपनीचं तिकीट क्रेडिट कार्डावरच काढा. उड्डाण रद्द झाल्यावर लगेच कार्डाच्या बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मागा. सोबत पीएनआर (बुकिंग क्रमांक), रद्द झाल्याचा मेसेज आणि स्टेटमेंट जोडा. मुदत मर्यादित असते. क्रेडिट शेल, म्हणजे रोख परताव्याऐवजी त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवलेली रक्कम, अजिबात स्वीकारू नका: कंपनी बुडाली की तेही बुडतं.