घाट चढते, चौकात बंद पडते : १८,८०० रुपयांच्या एका बिलाची चिरफाड

बिल वहीच्या पानावर लिहिलेलं आहे. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, सुट्या भागांचे नंबर नाहीत. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रिपेअर ९,५००. पंप मोटर ४,८००. सेन्सर २,२००. क्लिनिंग ८००. मजुरी १,५००. एकूण १८,८००. गॅरेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणचं, गाडी तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल हॅचबॅक, मालक कापूस-सोयाबीनवाला. पैसे मोजून घरी नेलेली गाडी नवव्या दिवशी बसस्टँडच्या चौकात पुन्हा बंद पडली. तेव्हा कुठे ती दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली आली आणि बिलातली एकेक ओळ उघडी पडत गेली.

सुरुवात घरच्या सर्व्हिसिंगपासून झाली. दसऱ्याच्या आधी मालकाने अंगणातच एअर फिल्टर बदलला, तिन्ही प्लग बदलले, स्प्रे मारून थ्रॉटल बॉडी (इंजिनला जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) धुतली आणि बॅटरीचे टर्मिनल काढून घासले. यातलं एकही काम चुकीचं नाही. पण त्यानंतर गाडी सेल्फला लगेच चालू व्हायची, फेऱ्यांचा काटा ६०० ते १,६०० मध्ये खालीवर नाचायचा आणि रेस सोडली की बंद. चालत्या गाडीत मात्र ताकद पूर्ण. चार माणसं बसवून घाट चढली तरी झटका नाही.

या शेवटच्या दोन वाक्यांतच निदान आहे, आणि ती मालकाने गॅरेजवाल्याला सांगितलीही होती. स्लोवर, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत, इंजिनला पेट्रोल सगळ्यात कमी लागतं, चढावर भरल्या गाडीला सगळ्यात जास्त. पेट्रोल ढकलणारा पंप थकला तर गाडी आधी चढावर मान टाकते, चौकात नाही. घाट चढते आणि सिग्नलला बंद पडते अशा गाडीत पहिला संशय हवेवर घ्यायचा. थ्रॉटलच्या मागे कुठून जास्तीची हवा शिरते का, किंवा स्लोची हवा सोडणारा व्हॉल्व्ह अडकला आहे का, ते बघायचं. तरीही उत्तर आलं ते असं : "भाऊ, याचा ईसीएम गेला हाय. नवीन तं लय महाग येते. नागपूरवरून माणूस बोलावून रिपेअर करून देतो."

पुरावा म्हणून स्कॅनर लावून दाखवला. फसवणुकीचा गाभा इथेच आहे. गाडी आत घेतली, बोनेट उघडलं, मालकाला चहाला पाठवलं. परत येईपर्यंत मॅप सेन्सरचा (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर) वायरचा कपलर काढून चावी ऑन केली होती. कपलर निघाला की ईसीएम त्या सेन्सरच्या सर्किटचा बिघाडाचा कोड धरतो, पी-०१०७ किंवा पी-०१०८, आणि चेक लाईट लागते. मग कपलर परत बसवायचा आणि गिऱ्हाईक आलं की स्क्रीन त्याच्यासमोर धरायचा. कोड खरा असतो, स्कॅनरही खरा असतो. बिघाड तेवढा तिथल्या तिथे तयार केलेला असतो.

हे पकडता येतं. बहुतेक गाड्यांत कोडसोबत त्या क्षणाची नोंद राहते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात इंजिनचे फेरे, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान असतं. गाडी चौकात बंद पडताना लागलेल्या कोडमध्ये फेरे पाच-सातशेच्या आसपास दिसतील. फेरे शून्य असतील तर कोड नुसती चावी ऑन असताना लागलेला आहे. तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही, पण "चालताना सेन्सर गेला" ही गोष्ट तिथे टिकत नाही. गॅरेजात जाण्याआधी घरीच कोड वाचून फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं. डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारा ब्लूटूथ रीडर साधारण हजाराच्या आत मिळतो आणि मोबाईलवर चालतो. गावात चार गाड्या असतील तर एक रीडर सगळ्यांना पुरतो.

त्याच रीडरवर मॅप सेन्सरही तपासता येतो. चावी ऑन, इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. आपल्याकडे नागपूर, अमरावती, यवतमाळच्या उंचीला तो ९५ ते ९८ किलोपास्कल येतो. गरम इंजिन स्लोवर असताना तो ३० ते ४० पर्यंत उतरतो. दोन्ही आकडे असे आले की सेन्सर धड आहे. स्लोवर आकडा ५० च्या वर राहिला तर हवा कुठूनतरी शिरते आहे, किंवा इंजिनचं कॉम्प्रेशन किंवा टायमिंग बघावं लागेल. या गाडीतला सेन्सर जुनाच होता, त्यावरचं ऑइलमिश्रित धुळीचं पुटही जुनंच. २,२०० रुपये कपलर काढून परत दाबल्याचे.

ईसीएम रिपेअरची ओळ तर त्याहून उघडी. ईसीएमचा डबा चिकट सीलंटने बंद केलेला असतो. आतला सर्किट बोर्ड दुरुस्त करायचा तर ते सील कापावंच लागतं, आणि कापलेलं सील कितीही नीट भरलं तरी डोळ्याला दिसतं. इथे सील अखंड होतं. ब्रॅकेटवर धुळीचा थर तसाच, आणि बोल्टच्या माथ्यावर कुठे पान्याची चमक नाही. म्हणजे तो खाली उतरवलाच नव्हता. "सेकंड ईसीएम टाकला" असं सांगितलं तर वेगळी खूण बघायची. ज्या गाड्यांना इमोबिलायझर (चावी ओळखूनच गाडी चालू होऊ देणारं कुलूप) आहे त्यांत दुसऱ्या गाडीचा ईसीएम चावीशी जुळवून घेतल्याशिवाय गाडी चालू होत नाही. चावी जुळवण्याचं काम न करता जुन्याच चावीने गाडी पहिल्या सेल्फला उठली, तर ईसीएमही बहुधा जुनाच आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत रीडरवर चेसिस नंबर वाचता येतो, तो आरसीशी ताडून बघा.

ईसीएम खरोखर जात नाही असं नाही. बॅटरीला उलटे क्लॅम्प लागले, ट्रॅक्टरवरून जंप देताना लाल-काळ्याची अदलाबदल झाली, टर्मिनल न काढता गाडीला वेल्डिंग केलं, तर ईसीएमला आणि अल्टरनेटरला धोका असतो. कापसाच्या गंजीशेजारी गाडी उभी राहिली की उंदीर वायरिंग कुरतडतात, तेही खरं. त्यात मिस्त्रीचा दोष नाही. पण प्लग आणि थ्रॉटल साफ केल्यानंतर अचानक ईसीएम जाण्याचं काही कारण नाही.

पंप मोटर या गाडीत मागच्या सीटखाली आहे. सीट उचलली तर पत्र्याच्या झाकणाभोवती सरकीचे दाणे आणि कापसाचं भूस जसंच्या तसं होतं, झाकणाच्या स्क्रूमध्ये माती घट्ट बसलेली. ४,८०० रुपयांची मोटर बसवायची तर आधी ही माती हलली असती. मोटरचा खरा तपास प्रेशर गेजने होतो. लाईनला गेज लावून चावी ऑन केली की मोटर दोनेक सेकंद गुणगुणते आणि प्रेशर गाडीप्रमाणे साधारण ३ ते ४ बारवर जाऊन थांबतं. गेज न लावता मोटर बदला म्हणणाऱ्याला नाही म्हणा. "टाकीत पाणी आलं" असं सांगून बाटली दाखवली तर आपल्यासमोर, आपल्या बाटलीत पेट्रोल काढायला लावा.

खरा दोष दोन ठिकाणी होता. एक, थ्रॉटल धुताना वितळलेली काजळी स्लोच्या व्हॉल्व्हमध्ये उतरून तो अडखळायला लागला होता. स्प्रे थेट भोकात मारला की हे होऊ शकतं. फडक्यावर घेऊन पुसायचा. दुसरा, इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या ब्रीदर व्हॉल्व्हचा, म्हणजे पीसीव्हीचा रबरी पाईप. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत बोनेटखाली भाजून हे रबर लाकडासारखं होतं. मालकाने तो ओढून काढला तेव्हा खालच्या अंगाने उभा चिरला. वरून पाहिलं तर पाईप धडधाकट. आरसा धरला किंवा बोट फिरवलं तरच चीर कळते. इंजिन गरम झालं, रबर ढिलं पडलं की चीर उघडायची. गॅरेजवाल्याने स्लोचा व्हॉल्व्ह साफ केला, म्हणून आठ दिवस बरे गेले. पाईपकडे त्याचं लक्षच गेलं नाही. पाईप आणि दोन क्लॅम्प मिळून काही शे रुपयांचं काम होतं.

अशी गाडी बंद पडायला लागली तर आधी जिथे जिथे आपला हात लागला तिथेच परत जायचं, इंजिन थंड असताना. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, मोठ्या पाईपचा क्लॅम्प, ब्रीदरचा पाईप, ब्रेक बूस्टरचा पाईप. बूस्टरचा पाईप सुटला तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक लागतं, मग गाडी रस्त्यावर काढूच नका. प्रत्येक कपलर टक् आवाज येईपर्यंत दाबायचा. मग इंजिन चालू करून इनटेकच्या सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा, कपलर आणि कॉईल वाचवून. जिथे फवारा पडताच आवाज बदलेल तिथे गळती. हेच काम काही जण पेट्रोल किंवा क्लीनर मारून करतात. गरम इंजिनावर तो आगीला आवतण देण्याचा प्रकार आहे.

बॅटरी इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. त्यापेक्षा कमी असेल तर आधी टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी घट्ट करा. बॅटरी काढली की ईसीएम स्लोची शिकलेली नोंद बऱ्याचदा विसरतो, आणि धुतलेल्या थ्रॉटलमधून हवा आधीपेक्षा वेगळी जाते. केबलवाल्या थ्रॉटलच्या गाडीत एसी-दिवे बंद ठेवून, रेडिएटरचा फॅन दोनदा लागेपर्यंत स्लोवर चालू ठेवली की बहुतेकदा जमून जातं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर कंपनीने दिलेल्या रीतीने किंवा स्कॅनरवरून लर्निंग करावं लागतं. चावी ऑन असताना तिची झडप बोटाने ढकलू नका. आणि थ्रॉटलच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवून स्लो वाढवायची कार्ब्युरेटरच्या जमान्यातली सवय सोडा. तो स्क्रू फिरला की झडप पूर्ण मिटल्याचं ईसीएमला कळत नाही आणि एका बिघाडाचे दोन होतात.

गॅरेजात टाकायचीच असेल तर आदल्या रात्री पंपाच्या झाकणावर, ईसीएमच्या बोल्टवर, अल्टरनेटरवर नखपॉलिशचा एकेक ठिपका द्या आणि स्टिकरवरच्या पार्ट नंबरांचे फोटो काढा. अंदाजपत्रक लिहून घ्या, जुना भाग परत द्यायचा हे आधीच बोला, पैसे यूपीआयने द्या. १८,८०० रोख गेले होते, म्हणून या मालकाची बाजू लंगडी झाली. तरी मार्ग बंद नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गॅरेज कुठलंही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. सोबत कच्चं बिल, न कापलेल्या सीलचे आणि सीटखालच्या सरकीचे फोटो, आणि दुसऱ्या गॅरेजने पाईप बदलल्याचं पक्कं बिल जोडायचं.

बिलातली क्लिनिंगची ८०० ची ओळ खरी आहे. स्लोचा व्हॉल्व्ह खोलला होता, साफही नीट केला होता. त्या कामाचा तालुक्यातला भावही साधारण तेवढाच.