दात मुळासकट हातात आला, तर कशात ठेवायचा?

लेदर बॉल तोंडावर बसला, समोरचा दात अख्खा बाहेर आला आणि कुणीतरी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मैदानावर हे हमखास होतं आणि दाताचं सगळ्यात जास्त नुकसान त्या रुमालानेच होतं.

कारण जपायचा असतो तो नुसता दात नव्हे, तर त्याच्या मुळावरचा पेशींचा पातळ पापुद्रा. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तिथेच असतात. कोरड्यात तासभर राहिला की या पेशी जवळजवळ सगळ्या मरतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: यात पेशी किती वेळ तग धरतील?

त्याआधी एक खात्री करा, दात दुधाचा तर नाही ना? दुधाचा असेल तर तो परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या कोंबाला इजा होऊ शकते. वरचे समोरचे कायमचे दात साधारण 7-8 व्या वर्षी येतात आणि नव्या दाताची कड बहुतेकदा करवतीसारखी असते.

कायमचा दात असेल तर सर्वांत चांगली जागा म्हणजे त्याची स्वतःचीच खोबण, तीही पहिल्या काही मिनिटांत. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने, सलाईनने किंवा नळाखाली जेमतेम दहा सेकंद धुवा. घासायचं नाही. शेजारच्या दाताकडे बघून बाजू ओळखा, हळूच आत सरकवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. (रुमालाचा खरा उपयोग हा.) वाचायला सोपं आहे, समोर रडणारं पोर आणि भळाभळा रक्त असताना बहुतेकांचे हात थरथरतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मूल गुंगीत असेल, उलट्या करत असेल तर हा प्रयत्न करूच नका. आधी मोठं हॉस्पिटल, दात नंतर.

हात धजत नसेल तर दूध. त्यात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण पेशींना मानवतं, आम्लता जवळपास नसते आणि ते कोपऱ्यावरच्या टपरीवरही मिळतं. पिशवीतलं असो की टेट्रापॅकमधलं, फक्त थंड आणि साधं हवं. साखर घातलेलं, हळदीचं किंवा चहासाठी उकळत असलेलं नको. ताक तर अजिबात नको, ते आंबट.

दूध मिळेपर्यंत लाळ चालेल. जखमी मुलालाच वाटीत थुंकायला सांगा आणि दात त्यात ठेवा. गालात दात धरून नेण्याचा सल्ला मी लहान मुलांसाठी देणार नाही, गिळला किंवा घशात अडकला तर दुसरंच संकट. लाळेत जंतू असतात, त्यामुळे ती अर्ध्या तासापुरतीच. मेडिकलमधलं नॉर्मल सलाईनही तेवढ्यापुरतं ठीक; क्षार योग्य, पण पेशींना पोसणारं त्यात काही नाही.

नळाच्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, त्यामुळे ते शेवटचा पर्याय. तरी कोरड्या रुमालापेक्षा बरंच. शहाळ्याच्या पाण्यावर आपल्याकडे अभ्यास झालेत, पण निष्कर्ष उलटसुलट आहेत आणि ते मुळात आम्लधर्मी असतं. दूध समोर असताना शहाळं फोडत बसू नये.

तास उलटून गेला म्हणून दात फेकूनही देऊ नका. असा दात बसवला तरी कालांतराने तो हाडाला चिकटतो आणि मूळ हळूहळू झिजतं, हे खरं. पण वाढत्या वयात तेवढी वर्षं जबड्याचं हाड टिकतं, हेही थोडं नाही. दंतवैद्य लवचिक तार लावून तो साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना बांधतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच काळात रूट कॅनॉल सुरू होतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी दंत महाविद्यालयं खिशाला परवडतात, पण रांगेत मिनिटं जातात. अशा वेळी माझं मत जवळच्या दवाखान्याला, निघण्याआधी फोन करून. फोनवर तीनच गोष्टी सांगा: दात मुळासकट आलाय, किती वाजता पडला, कशात ठेवलाय.