रॅम वाढवावी की एसएसडी टाकावी?

परभणीला ताईकडे जुना पीसी आहे. ४ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी), साधी हार्डडिस्क. भाचीला फॉर्म भरायचा होता. बटण दाबून चहा पिऊन झाला तरी डेस्कटॉप येईना. ताई म्हणाली, "अरे, रॅम टाकून दे की."

आधी टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे मेमरी आणि डिस्क किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. तिथं जर मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसली आणि चार टॅब उघडले की सगळं अडकत असेल, तर रॅमच कमी आहे. ८ जीबी करा, फरक लगेच कळतो. फक्त डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगळ्या पिढ्या, डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही, हे बघूनच दुकानात जा.

ताईकडे मात्र मेमरी मोकळी, डिस्क १०० टक्के कामात. तिथं रॅमवर पैसे घालून उपयोग नाही. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, वाचणारं हेड जागा शोधत हिंडतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा जोडणीची एसएसडी ५०० च्या आसपास. आपल्याकडे लाइट जाते-येते, मशीन पुन्हापुन्हा चालू करावं लागतं, म्हणून मला एसएसडी आधी वाटते.

तीच टाकली. जुनी डिस्क फोटोंसाठी तशीच ठेवली. रॅमचं दिवाळीनंतर बघू.