नेपाळच्या संसद-विसर्जनावरच्या स्पायरल नोट्स: घ्या, पण पेन हातात ठेवून

इंदूरला भंवरकुआँच्या झेरॉक्सच्या दुकानांत नेपाळवरच्या 48 पानी हिंदी नोट्स 90 रुपयांना मिळतात. लेखकाचं नाव नाही. आपल्याकडची यूपीएससी करणारी बरीच मुलं याच वापरतात, म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

पहिली दहा पानं बिनधास्त वाचा. 15 डिसेंबर 1960 ला राजे महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि संसदही मोडली. 109 पैकी 74 जागा जिंकलेल्या पक्षाचे नेते थेट तुरुंगात गेले. मग आलेली पंचायत व्यवस्था (पक्षांवर बंदी, सत्ता राजाच्या हाती) 1990 पर्यंत कशी टिकली, हे फार नेटकं मांडलंय.

घोळ पान 11 वर सुरू होतो. 'ज्ञानेंद्र यांनी (तेव्हाचे राजे) 4 ऑक्टोबर 2002 ला संसद विसर्जित केली' हे वाक्य सरळ खोडा. प्रतिनिधी सभा, म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, विसर्जित झाली 22 मे 2002 ला, तीही पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांच्या शिफारशीवरून, 1990 च्या घटनेच्या कलम 53(4) खाली. आणीबाणीची मुदत वाढवायला देउबांच्याच नेपाळी काँग्रेसचा विरोध होता, म्हणून त्यांनी सभागृहच मोडायला लावलं. पक्षाने त्यांना काढलं आणि पक्ष फुटला. त्याच कलमात सहा महिन्यांत निवडणूक घेण्याची अट आहे. 13 नोव्हेंबर ही तारीखही ठरली होती. सशस्त्र बंड करणाऱ्या माओवाद्यांच्या हिंसाचारामुळे देउबांनी निवडणूक पुढे ढकलायची मागणी केली, तेव्हा 4 ऑक्टोबरला राजाने त्यांनाच अकार्यक्षम ठरवून काढलं, सत्ता हातात घेतली आणि निवडणूक बेमुदत लांबवली. आधार घेतला कलम 127 चा. घटना राबवताना येणाऱ्या अडचणी दूर करण्यासाठी ठेवलेलं ते कलम. निवडून आलेल्या पंतप्रधानाला घरी पाठवायला नव्हे.

या दोन घटना एक केल्या की पुढचं आंदोलन समजूच शकत नाही. मेमधलं विसर्जन कागदोपत्री घटनेत बसत होतं. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये ते वैध ठरवलं. त्यामुळे राजाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या पक्षांचं मागणीवरच एकमत होईना. नेपाळी काँग्रेसचे नेते गिरिजाप्रसाद कोइराला म्हणत, मोडलेलं सभागृह पुन्हा बसवा. नेकपा (एमाले) या कम्युनिस्ट पक्षाला हवं होतं सर्वपक्षीय सरकार. जून 2004 मध्ये राजाने देउबांनाच परत नेमलं, तेव्हा 'प्रतिगमन (म्हणजे राजाने मागे नेलेली लोकशाही) अर्धं सुधारलं' म्हणत एमाले त्या सरकारात जाऊन बसला. नोट्समध्ये याबद्दल एक ओळ नाही. मुख्य परीक्षेत विचारण्याजोगा भाग नेमका हाच!

पान 17 च्या तक्त्यात 2003 च्या आंदोलनासमोर सात पक्ष दिलेत. तेव्हा पाचच होते: नेपाळी काँग्रेस, एमाले, जनमोर्चा नेपाळ, नेपाळ मजदूर किसान पार्टी आणि सद्भावना पार्टीचा आनंदीदेवी गट. सात पक्षांची आघाडी झाली 2005 मध्ये, राजाने 1 फेब्रुवारीला सगळा कारभार स्वतःकडे घेतल्यावर. देउबांचा फुटलेला गट त्यात आला तो तेव्हा.

पान 23 वरच्या विक्रम संवताच्या तारखांवर विसंबू नका. नेपाळचे महिने सौर आहेत, एका संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंतचे. नोट्सवाल्याने आपल्या चांद्र पंचांगाने हिशेब केलेला दिसतो, त्यामुळे तारखा सरकल्यात. बरोबर जोड्या अशा: 8 जेठ 2059 म्हणजे 22 मे 2002, 18 असोज 2059 म्हणजे 4 ऑक्टोबर 2002, 19 माघ 2061 म्हणजे 1 फेब्रुवारी 2005, 11 वैशाख 2063 म्हणजे 24 एप्रिल 2006. इसवी सन काढायला संवताच्या वर्षातून एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरअखेर 57 वजा करा, जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत 56.

2006 चं प्रकरण मात्र मनापासून आवडलं. 6 एप्रिलचा संप, संचारबंदी झुगारून काठमांडूच्या रिंग रोडवर लोटलेली गर्दी, 21 तारखेला राजाने 'पंतप्रधानाचं नाव सुचवा' म्हणणं, आणि आघाडीने ते का धुडकावलं, सगळं क्रमाने आलंय. त्या देकारात ना सभागृह होतं ना नवी घटना लिहिणारी संविधान सभा. 24 ला रात्री उशिरा राजाने प्रतिनिधी सभा पुनःस्थापित केली. इथे समासात एवढं लिहा: ही सभा 1999 ला निवडलेली होती, तिची पाच वर्षं 2004 मध्येच संपली असती. ती परत आली ती रस्त्यावरच्या रेट्याने, कलमाच्या जोरावर नाही.

टोनर फिका आहे, नकाशा तर वाचताच येत नाही. पैसे देण्याआधी पानं चाळून बघा. नोव्हेंबर 2005 ची सात पक्षांची माओवाद्यांशी झालेली 12 कलमी समजूत नुसत्या नावाने उरकलीय. पान 31 ची मागची बाजू कोरी आहे, त्या समजुतीचा मजकूर तिथे उतरवून घ्या.