'मधुमेह मुळापासून बरा' करणाऱ्या पुडीत काय निघतं?

'शुद्ध वनस्पतींची' पुडी घेऊन उपाशीपोटीची साखर दोन-तीन दिवसांत २४० वरून ११० वर आली, तर आधी शंका घ्या. पाल्याच्या चूर्णाने साखर इतक्या झपाट्याने उतरत नाही. अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन ही डॉक्टर मधुमेहासाठी देतात ती औषधं मिसळलेली असल्याचं प्रयोगशाळांत वारंवार उघड झालं आहे. २००८ मध्ये सिंगापुरात लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांतही ग्लिबेनक्लामाइड निघालं. मधुमेह नसलेली माणसं साखर उतरून बेशुद्ध झाली, चौघं दगावली.

विक्रेता आधी 'चालू औषधं बंद करा' म्हणतो आणि लगेच साखर मोजायला लावतो. आकडा उतरला की रुग्ण त्याचाच होतो. पण पुडीत औषधाचं प्रमाण मोजलेलं नसतं. एकीत कमी, दुसरीत भरमसाट.

ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. असर २४ तासांपर्यंत टिकतो, मूत्रपिंडं अधू असतील तर त्याहून लांबतो. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. घात होतो तो पुढे: सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर रुग्ण बोलू लागतो, घरचे त्याला घेऊन जातात आणि काही तासांत साखर पुन्हा कोसळते. निदान एक दिवस देखरेख हवीच.

पुडीबद्दल डॉक्टरांपासून काही लपवू नका. इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा) वाढलेलं दिसल्यावर स्वादुपिंडाच्या गाठीचाही संशय येतो. साखर उतरलेली असतानाच घेतलेल्या रक्तात सल्फोनिलयुरिया (ग्लिबेनक्लामाइड ज्या गटातलं, ती औषधं) शोधलं तर उलगडा होतो. उरलेली पुडी फेकू नका, सोबत न्या.

टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास न बनणाऱ्या मुलाचं इन्सुलिन बंद करायला सांगणारा तर जिवाशीच खेळतो. एक-दोन दिवसांत कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो.

थायरॉइडच्या पुड्यांत कधी थायरॉइडचं संप्रेरकच असतं. दुसरीकडे, केसांसाठीच्या पावडरीत बायोटिन या जीवनसत्त्वाचा मोठा डोस असेल तर काही यंत्रांवर टीएसएच (थायरॉइड मंदावल्यावर रक्तात वाढणारं संप्रेरक) खोटाच कमी दिसतो. आजार जिथल्या तिथे, आणि विक्रेता रिपोर्ट नाचवतो. पावडर किमान दोन दिवस बंद ठेवून टीएसएच पुन्हा करा. थायरॉक्सिनची गोळी तोवर चालूच ठेवा.