चष्म्याची काच: साधी, पॉली की हाय इंडेक्स?

“साधी देऊ की पातळ?” असं दुकानात विचारतात, आणि किमतीतला फरक ऐकून आपण गडबडतो. थोडं गणित आधी करून गेलेलं बरं.

निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. सीआर-३९ या साध्या प्लॅस्टिकमध्ये तो २ लाखांवर येतो, १.७४ च्या हाय इंडेक्समध्ये पावणेदोन लाखांच्याही खाली. वेग जितका घटतो तितका प्रकाश जास्त वळतो, म्हणून तोच नंबर कमी गोलाईत बसतो. पाकिटावरचे १.५, १.६७ हे आकडे अपवर्तनांकाचे, म्हणजे काचेत प्रकाशाचा वेग किती पटीने घटतो त्याचे. तुमच्या नंबराशी त्यांचा काही संबंध नाही.

आता उणे ६ नंबर आणि ६० मिलिमीटर व्यासाची गोल काच धरा. मध्यापेक्षा कड सीआर-३९ मध्ये सुमारे ५.४ मिलिमीटरने जाड होते, पॉलीकार्बोनेटमध्ये ४.६ ने, १.६७ मध्ये ४ ने आणि १.७४ मध्ये ३.६ ने. म्हणजे १.६७ वरून १.७४ वर गेलात तर हाती अर्धा मिलिमीटरही लागत नाही! उलट साध्याच काचेचा व्यास ५० वर आणला, तर ५.४ चे पावणेचार होतात. मोठ्या नंबराला आधी लहान फ्रेम निवडा, काचेचं नंतर बघू.

पातळपणाची किंमत नजरही मोजते. प्रकाश जास्त वळवणारे हे पदार्थ रंगही जास्त फाकवतात. रंग किती कमी फाकतात ते अबे अंक सांगतो, तो जितका मोठा तितकं चांगलं. सीआर-३९ चा ५८, पॉलीचा जेमतेम ३०, १.६७ चा ३२ च्या आसपास. रात्री काचेच्या कडेतून रस्त्यावरचे दिवे बघितले की त्यांना निळी-तांबडी किनार दिसते, ती यामुळेच. काहींना सवय होते, काहींना नाही. शिवाय साधी काच दोन्ही पृष्ठभागांवर मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते, तर १.७४ ची जवळपास १४. म्हणून हाय इंडेक्स घेतली तर अँटी-ग्लेअर कोटिंगवर पैसे वाचवू नका.

मुलांसाठी मात्र मी फार विचार करणार नाही: पॉलीच. चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही, वजनाला हलकी, अतिनील किरणही अडवते. चरे लवकर पडतात, तेव्हा वर हार्ड कोटिंग हवंच. आणि नेलपॉलिश रिमूव्हरपासून ती लांब ठेवा, अ‍ॅसिटोनने पॉली खराब होते.

नंबर उणे ३ च्या आत असेल तर मी डोळे झाकून सीआर-३९ घेईन. ४ ते ६ ला १.६ किंवा १.६७. उणे ८ च्या पुढे, फ्रेम लहान करूनही कड खुपत असेल, तरच १.७४.

आजोबांच्या चष्म्यातली खरी काच? स्पष्टतेत आजही उत्तम, चरेही सहज पडत नाहीत. पण वजन प्लॅस्टिकच्या जवळपास दुप्पट, आणि पडली की संपलं.